उरलेल्या चुन्याचा उत्तर ध्रुव

नॉर्वे नव्हता. म्हणजे जगात कुठंतरी असणारच, कारण तिथून आलेलं पाकीट माझ्या हातात होतं, त्यावर त्यांच्या राजाचं तिकीट होतं, गोल शिक्काही होता. पण आमच्या शाळेच्या भिंतीवर तो नव्हता. मी सिद्रामप्पाला, म्हणजे आमच्या शिपायाला, मोठ्या तोऱ्यात हाक मारली होती. ये, दाखवतो तुला आपली शरणम्मा कुठं असते ते. रुद्रप्पा भुसाऱ्यांची शरणम्मा, चौसष्ट सालची आठवी ‘ब’, आता तिकडं उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचा बर्फ कधी वाढतो नि कधी वितळतो यावर पाळत ठेवून असते. तोही हात धोतराला पुसत आला. मी छडीचं टोक नेमकं टेकवलं, आणि छडीखाली नुसता पांढराशुभ्र चुना निघाला. छडी जरा खाली घेतली. चुना. आणखी खाली घेतली तर एकदम जर्मनी लागला. स्वीडन नाही, फिनलंड नाही, इंग्लंडचं डोकं गायब. तीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला भर अकरा वाजता एक आख्खा देश सापडू नये, याला काय म्हणायचं? सिद्रामप्पा माझ्याकडे बघत उभा होता. मग त्यानं विचारलं, तिकडं थंडी लई असंल की. असेल, म्हणालो.

पत्र दोनच पानांचं होतं. गड्ड्याच्या यात्रेसाठी, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेसाठी, ती घरी येणार होती, आणि गुरुवारी सकाळी शाळेत यायची तिची इच्छा होती. आपला नकाशा बघायचाय, असं तिनं लिहिलं होतं. ‘आपला नकाशा’ या शब्दांवर मी तीनदा बोट फिरवलं. सोबत दोन चित्रं होती, रंगीत, गोल, मधोमध ध्रुव. उपग्रह म्हणे आता काळोखातही बर्फ ओळखतो, आणि तिकडं सहा महिने काळोखच असतो तेव्हा त्याची फार मदत होते. एका चित्राखाली मार्च लिहिलं होतं, दुसऱ्याखाली सप्टेंबर. मार्चमधला बर्फ पाय पसरून बसला होता, सप्टेंबरमधला अंग चोरून. मी आयुष्यभर बर्फ एकच शिकवला. पृथ्वीच्या डोक्यावरची पांढरी टोपी, बस. टोपी काही उन्हाळ्यात लहान आणि हिवाळ्यात मोठी होत नाही. आणि गंमत म्हणजे मार्चच्या त्या पसरलेल्या बर्फानंसुद्धा नॉर्वेचा किनारा सोडून दिला होता. का सोडला, ते मला तोंडपाठ येत होतं: उष्ण प्रवाह, हॅमरफेस्ट बंदर, हिवाळ्यातही गोठत नाही. दरवर्षी हे वाक्य मी मुलांकडून तीनदा म्हणवून घेतो. तेच हॅमरफेस्ट भिंतीवर हातभर चुन्याखाली गेलेलं होतं आणि मी छडीनं त्याच्यावर टकटक करत ते गोठत नाही म्हणून सांगत होतो.

हा नकाशा माझ्या हातचा. सत्तावन्न सालचा, आठवी ‘ब’च्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, मुलींच्या बाजूला. समुद्र निळ्या तेलरंगाचा, जमीन पिवळी नि तपकिरी, आणि ध्रुवापाशी पोचेपर्यंत पांढऱ्या रंगाचा डबा संपला. तेव्हा मी तिशीच्या आतबाहेरचा, अंगात उत्साह असा की डब्यासाठी थांबणं म्हणजे अपमान. बाहेर सिद्रामप्पा गड्ड्याच्या तोंडावर शाळेला चुना मारत होता, त्याच्याच बादलीत कुंचला बुडवला आणि उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुव उरकून टाकले. तिथून पुढं ती पद्धत पडली. गड्ड्यासाठी म्हणून भिजवलेला चुना गटारात ओतायचा नाही, असं सिद्रामप्पाच्या घरी त्याच्या आईपासून चालत आलेलं. सिद्धरामेश्वराच्या नावानं चुना भिजवायचा आणि उरलासुरला नालीत? मग दर जानेवारीला शाळेच्या भिंती झाल्या की बादलीच्या तळाशी उरेल तो सगळा चुना तो आठवी ‘ब’मध्ये आणून ध्रुवावर चढवायचा. तळातला, म्हणजे दाट. आणि उरायचाही भरपूर, कारण चुना कमी पडलेला त्याला खपत नसे. बावीस वर्षं असा तो बर्फ खाली सरकत आला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुणाच्या म्हणजे माझ्या. त्यालाही कारण आहे, आणि ते कारण मी आजवर गुण म्हणून मिरवलं. वर्गाकडे पाठ करायची नाही. मास्तरानं मान वळवली की वर्ग हातचा गेला, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो आणि पक्कं केलं. माझी छडी मागच्या मागं नकाशावर फिरते, डोळे मुलांवर असतात. मुलं म्हणायची, सरांना पाठीमागं डोळे आहेत. मला हे ऐकून गुदगुल्या व्हायच्या. नवीन मास्तर मंडळींना मी करून दाखवायचो: हे बघा, न बघता ब्राझील, हे बघा, न बघता जपान. आता त्या जपानचंही वरचं बेट शिल्लक आहे की नाही हे बघायला हवं होतं, पण मला धीर होईना.

घरी गोदावरीला सगळं सांगितलं तर ती आधी पोटभर हसली. डोळे पुसत म्हणाली, एवढं काय, तुमच्या चष्म्याच्या डबीत तुम्ही सुपारी ठेवता आणि चष्मा घरभर शोधता, देश तर केवढा लांबचा. मग ज्वारीची भाकरी तव्यावर टाकता टाकता तिनं विचारलं, ती पोर काय तुमची परीक्षा घ्यायला येतेय का? आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. कारण परीक्षा या शब्दाबरोबर ते दोन गुण आठवले. तसे ते सकाळपासूनच कुठंतरी मागं उभे होते, आत यायला बिचकत. चौसष्टची वार्षिक परीक्षा, जगाचा नकाशा भरा, दहा गुण. शरणम्माचा नकाशा इतका सुरेख की मी तो स्टाफरूममध्ये फिरवला होता. फक्त वरचा बर्फ तिनं चुकवला होता. माझ्या भिंतीवरच्यापेक्षा तिचा बर्फ आखूड. नॉर्वेच्या डोक्यावर चांगलं दोन बोटं निळं पाणी. मी आठ दिले. पेपर वाटताना ती उठून उभी राहिली. तेरा वर्षांची, किडकिडीत, कपाळावर विभूतीची बोटं, आवाज थरथरत नव्हता. म्हणाली, सर, मी बघून काढलाय. आणि मी म्हणालो, बघून काढलास तर भिंत बघ, आणि सवयीनं मागच्या मागं छडी मारली. भिंतीवर छडी बसल्याचा तो आवाज आता जेवताना पुन्हा ऐकू आला. ती भिंतीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं, मग खाली बसली. वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. नॉर्वेचा किनारा मोकळा असतो हे तिचं बरोबर होतं आणि मी चुन्याच्या भरवशावर तिचे दोन गुण कापले होते. ती गुरुवारी येऊन तोच चुना बघणार होती. भाकरी कोरडीच खाल्ली मी त्या दिवशी.

आयुष्यात एखाद्याच पोरीनं आपलं नाव काढावं, आणि आपण नेमकं तिलाच अडवलेलं असावं. रात्रभर वगैरे जागलो नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी तोंड धुताना ठरवलं की गुरुवारच्या आत नॉर्वे बाहेर काढायचा. गुरुवारी ती आली की भिंतीवर किनारा मोकळा दिसला पाहिजे. दोन गुणांचं तिला आठवत असेल तर असू दे, निदान चुना तरी साक्षीला नको.

सिद्रामप्पाला हे सांगणं सोपं नव्हतं. ध्रुव त्याचा. गेल्याच आठवड्यात त्यानं तो चढवला होता, चुन्याला अजून ओला वास होता. मी पत्र्याची पट्टी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाकावर चढलो तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता. चुकलं काय, ते सांगा म्हणाला. मी सांगितलं की बर्फ इतका नसतो. तो म्हणाला, तुमी कवा बघितलाय? मी बर्फ बघितलाय तो सरबताच्या गाडीवरच्या लादीतला, भुसा लागलेला. मी त्याला उपग्रहाची चित्रं दाखवली. त्यानं दोन्ही हातांत दोन चित्रं धरून नीट पाहिली, उलटी करून पाहिली, आणि कुठलं खरं असं विचारलं. दोन्ही खरी, म्हणालो. मार्चात एवढा, सप्टेंबरात एवढा. तो म्हणाला, ‘मग माझ्याच चुन्यावर का राग? आदी हा बी उन्हाळ्यात पडायचाच की.’

मला कळलं नाही. मग त्यानं जे सांगितलं ते असं, की तेलरंगावर चुना धरत नाही, हे रंगाऱ्याच्या पोरालाही कळतं, मास्तरांना कळलं नसंल. जानेवारीत लावलेला चुना मार्च लागला, भिंत तापायला लागली, की कडेनं पापुद्रे धरायचा आणि गळायचा. सकाळच्या शाळेत मुलींच्या बाकांवर पांढरा सडा. तो रोज झाडायचा. एप्रिलअखेर ध्रुव निम्मा व्हायचा, पुढच्या गड्ड्याला तो पुन्हा भरून काढायचा. अडुसष्ट साली हेडमास्तरांनी कचऱ्यावरून त्याला बोल लावले, तेव्हापासून तो चुन्यात डिंक घालायला लागला, आणि तेव्हापासून बर्फ गळायचा थांबला. हे तो अगदी साधेपणानं सांगत होता आणि मी बाकावर पट्टी हातात धरून उभा होतो. माझ्या पाठीमागं दरवर्षी बर्फ वाढत होता, वितळत होता, अकरा वर्षं, आणि मी वर्गाला सांगत होतो की टोपी टोपीच असते.

मग दोघंही लागलो. तो पट्टीनं उचलायचा, मी ओल्या फडक्यानं पुसायचो. डिंकाचा चुना भारी चिवट, पण त्याला त्याची नस माहीत होती. खापऱ्या निघत तशा तो त्यांच्या कडा बघून साल सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचा रुसवा गेला. हा निळसर थर पंच्याहत्तरचा, त्या वर्षी नीळ जास्त पडली. हा खरखरीत, वाळू आलेली. हा पातळ, कागदासारखा, बहात्तरचा दुष्काळ. प्यायला पाणी नव्हतं तर चुन्याला कुठलं, तरी त्यानं एक तांब्या राखला होता म्हणे. मी म्हणालो, तांब्याभर पाण्यात ध्रुव केलास? तो म्हणाला, देवाचं मोडता येतंय व्हय? खिडकीतून ऊन आत आलं होतं, आमच्या डोक्यांवर, भुवयांवर चुना बसला होता, बाहेरून जाणारी मुलं आत डोकावून खिदळत होती, आणि मला मोठी मौज वाटत होती. इंग्लंडचं डोकं निघालं. स्वीडन निघाला. मग एका खापरीखाली नॉर्वे निघाला, सत्तावन्न सालच्या पिवळ्या रंगातला, काठ दातेरी, मीच कधीतरी जीव ओतून काढलेला. मी त्याच्यावरून फडकं फिरवलं आणि वरच्या निळ्या पाण्यात काहीतरी बारीक काळं दिसलं.

मला वाटलं मुंग्या. चष्मा लावला. पेन्सिलीच्या खुणा होत्या, तेलरंगात रुतलेल्या, एकाखाली एक नव्हे, एकावर एक, ध्रुवाकडं सरकत गेलेल्या. प्रत्येक खुणेपाशी बारीक अक्षरात तारीख. २८ मार्च. ४ एप्रिल. ११ एप्रिल. मग एक पुसट, आणि कडेला साल, ६४. ते अक्षर मी ओळखलं. चार, तो खाली शेपूट वळवणारा चार, मी शेकडो पेपर तपासले आहेत, अक्षर मी चुकत नाही. मुलींच्या बाजूचा पहिला बाक तिचा. चुना तिच्याच वहीवर पडत असणार. दर शनिवारी ती बाकावर चढून, बर्फाची कड कुठवर मागं गेली तिथं खूण करत होती. आणि परीक्षेत तिनं त्या दिवशी भिंतीवर जेवढा बर्फ होता तेवढाच काढला. मी बघून काढलाय, म्हणाली होती ती. उष्ण प्रवाहाचं नव्हतं ते, पुस्तकातलंही नव्हतं. तिनं भिंत बघितली होती. मी म्हणालो होतो भिंत बघ, आणि छडी मारली ती निळ्या पाण्यावर, आख्ख्या वर्गादेखत, आणि सगळा वर्ग ते निळं पाणी समोर दिसत असताना हसला, कारण सर म्हणतात म्हणजे पांढरंच असणार. मी नुसती मान वळवली असती तर. एवढीच मान, वीतभर. मी बाकावरून खाली उतरलो आणि तिच्याच जागेवर बसलो, आणि मला रडू आलं. चुन्यामुळं डोळे झोंबतात असं मी सिद्रामप्पाला सांगितलं. त्यानं तांब्या पुढं केला.

गुरुवारी ती आली. साडी तीच आपल्याकडची, इरकली. केस कापलेले, हातांची कातडी थंडीनं फाटलेली. रुद्रप्पा खाली स्कूटरवर थांबले होते, त्यांना दुकान उघडायचं होतं. आल्या आल्या तिनं सिद्रामप्पाला ‘ह्यांग अदीरी, मामा?’ म्हणून खुशाली विचारली, आणि मग दोघांचं कानडी असं सुटलं की मला त्यातलं बाजारापुरतंच कळत होतं. तिनं त्याच्यासाठी तिकडची लोकरीची कानटोपी आणली होती, ती त्यानं तिथल्या तिथं चढवली. मी मध्ये उभा, घशाशी वाक्य घेऊन. तीन दिवस घोकलेलं वाक्य. मग ती भिंतीकडं वळली आणि खुणा बघून तिनं तोंडावर हात धरला.

मी सांगून टाकलं. शरणम्मा, तुझे दोन गुण मी चुकीनं कापले. तू बरोबर होतीस, मी बघितलंच नव्हतं. तिनं विचारलं, कुठले दोन गुण, सर? मी सगळं सांगितलं, छडीसकट, हसणाऱ्या वर्गासकट. तिनं खूप आठवून पाहिलं, भुवया जवळ आणून, आणि प्रामाणिकपणे मान हलवली. तिला आठवत नव्हतं. काही म्हणजे काही नाही. खरं सांगतो, मला थोडा रागच आला. तीन दिवस माणूस भाकरी कोरडी खातो आणि जिच्यासाठी खातो तिला पत्ता नाही. तिला वेगळंच आठवत होतं. म्हणाली, ‘सर, बर्फ पडायचा इथं. एप्रिलमध्ये. वहीवर पडायचा. तिकडं पहिल्यांदा जहाजातून बर्फाची कड बघितली ना, तेव्हा मला हीच भिंत आठवली.’

मग मी भूगोलाच्या मास्तरासारखं विचारलं, की आता काय, वाढतोय की कमी होतोय? वर्तमानपत्रात एकजण म्हणतो पृथ्वी गारठणार, दुसरा म्हणतो सगळं वितळणार. ती म्हणाली, आत्ताच सांगता यायचं नाही. आमच्याकडं सहाएक वर्षांची चित्रं आहेत, त्यातही खंड पडलेले. एवढ्यावर बोलणं म्हणजे थापा. बघत राहायचं. दर मार्चला, दर सप्टेंबरला, खूण करायची आणि बघत राहायचं. सिद्रामप्पा टोपीतून ऐकत होता. त्यानं आपली अडचण मांडली: म्होरच्या गड्ड्याचा चुना उरंल, तो कुटं घालू? ती हसली. म्हणाली, इथंच घाला मामा, पण डिंक नको. पडू दे.

ती गेल्यावर मी बाकावर चढलो. तिच्या खुणांच्या शेजारी, मास्तर लिहितात तिथं, पेन्सिलीनं आठ लिहिला, त्यावर काट मारली, बाजूला दहा लिहिला आणि खाली सही केली, तारखेसकट. गोदावरीला सांगितलं तर म्हणाली, पंधरा वर्षांनी निकाल लावला म्हणायचा. सिद्रामप्पाला मात्र पुढच्या गड्ड्यापर्यंत दम निघेना. शिमग्याच्या आधी एका दुपारी त्यानं चार मुठी चुना बिनडिंकाचा भिजवला आणि माझ्या सहीच्या कडेकडेनं, सही न बुडवता, नॉर्वेपासून दोन बोटं खाली येईल असा ध्रुव भरला. मी म्हणालो, नॉर्वे पुन्हा गेला. तो म्हणाला, येतंय की.

एप्रिलात सकाळची शाळा लागली. सिद्रामप्पा अजून ती लोकरीची टोपी काढत नाही, घाम निथळतो तरी. पहिल्या शनिवारी मी हॅमरफेस्ट सांगत होतो, छडी मागच्या मागं उचललेली होती, आणि मुलींच्या पहिल्या बाकावर टप् असा बारीक आवाज झाला. एका वहीवर नखाएवढा पांढरा पापुद्रा पडला होता. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी छडी खाली घेतली, वर्गाकडे पाठ केली, आणि भिंत बघितली.